मळ जातो कुठे?

मराठी भाषेला धुण्याची भारी हौस. सज्जन माणूस तिला धुतल्या तांदळासारखा दिसतो. संधिसाधू वाहत्या गंगेत हात धुऊन घेतो, आणि चिकाटीचा माणूस एखाद्या कामाच्या मागे लागतो तोही हात धुऊनच. चोर घर धुऊन नेतात, वडीलमंडळी कार्ट्यांना धुऊन काढतात, आणि ज्याला चारचौघांत मान हवा असतो त्याच्या अंगावर कपडे असतात ते परीटघडीचे. लग्नात जावयाचे पाय धुतात. धोतर या शब्दाच्या पोटातसुद्धा 'धौत', म्हणजे धुतलेले, हाच शब्द दडून बसला आहे असे मानतात. मराठी शिकवण्याचा माझा धंदा असल्यामुळे ही यादी मला दरवर्षी फळ्यावर लिहावी लागते. आणि दरवर्षी खडू खाली ठेवताना एकच शंका मनात येते. इतकी पिढ्यान्‌पिढ्या ही धुलाई चालली आहे, तर मग तो मळ जातो कुठे?

गटारात जातो, असे कोणीही सांगेल. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. कारण गटार कुठे जाते हा पोटप्रश्न शिल्लक राहतोच. तो सोडवायला गेल्या वर्षी भाद्रपद संपता संपता मी पंचगंगेच्या काठाने फिरून आले.

पंचगंगाच का, असे वाचक विचारतील. एक तर माझी थोरली नणंद कोल्हापुरात राहते, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्न नव्हता. दुसरे म्हणजे ही नदी बेताची आहे. गंगा-गोदेसारखा तिचा शेकडो कोसांचा पसारा नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाचजणींची ती मिळून झालेली. कोल्हापूरच्या पश्चिमेला प्रयाग चिखलीपाशी त्यांचा मेळ पुरा होतो आणि नृसिंहवाडीला ती कृष्णेच्या स्वाधीन होते. नव्या नवरीने सकाळी माहेर सोडावे आणि दिवेलागणीला सासरचे माप ओलांडावे, एवढाच तिचा प्रवास. परंतु माणूस जे जे काही धुतो, ते सारे एवढ्या वाटेत पाहायला मिळते.

प्रयाग चिखली या नावातच गंमत आहे. पूर्वपद स्नानाचे आणि उत्तरपद चिखलाचे! संगमावर पर्वकाळी स्नानाला गर्दी होते. मी गेले त्या दिवशी मात्र काठावर दोनचारच माणसे होती. एका आजोबांनी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून सूर्याला अर्घ्य दिले, तीनदा बुडी मारली आणि ओल्या पंचानेच अंग पुसत ते वर आले. त्यांच्या अंगाला मळ म्हणण्याजोगा नव्हताच. घरून आंघोळ करून आले असावेत. धुण्याचा हा सर्वांत जुना प्रकार. जे दिसत नाही ते धुणे.

जे दिसते ते धुण्याची पाळीही या गावावर येते. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगा गावात शिरली. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट धरतात. त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर चढले होते. एका घराच्या ओट्यावर शेंगा निवडत बसलेल्या बाईंनी मला भिंतीवरची रेघ दाखवली. त्यांच्या डोक्याच्या हातभर वर होती.

"रंग दिला की दोन वर्सं दिसत न्हाई," त्या म्हणाल्या, "मग पुन्हा उमटती."

"पाणी उतरल्यावर आधी काय केलंत?"

"काय करनार? धुनं. भिंती धुतल्या, भांडी धुतली, देव धुतले. पोराची पुस्तकंबी धुवाया घेतली हुती, पन ती हातातच इरघळली." त्या थोडा वेळ शेंगांकडे बघत राहिल्या. "घरात छातीइतकं पानी आलं बगा, आनि ते गेल्यावर धुवाया पानी न्हाई. टँकरची वाट बघत चिखलात बसलो."

पुनर्वसनासाठी सोनतळीच्या माळावर गावाला जागा मिळाल्या आहेत. कोणी तिकडे गेले, कोणी दोन्हीकडे राहतात. पण मी विचार करत होते तो त्या धुण्याचा. पूर ओसरल्यावर ज्या बाईने दाराची चौकट घासूनघासून धुतली, तिने नुसता चिखल काढला नव्हता. हे घर नदीचे नाही, माझे आहे, असे तिने पाण्याला पाण्यानेच सांगितले होते.

तिथून कोल्हापूर शहराचा घाट जवळच आहे. शिवाजी पुलाच्या अंगाने उतरले की काळ्या दगडाच्या पायऱ्या, त्यांवर पाण्यात पाय सोडून बसलेली लहानमोठी देवळे, आणि पलीकडे उसाची हिरवी भिंत. पावसाळ्यात या देवळांची फक्त शिखरे दिसतात. एरवी या घाटावर कोण काय धुणार नाही याचा नेम नाही. बेंदराला बैल येतात. दिवाळीच्या पाडव्याला गवळीवाड्यांतल्या म्हशी सजूनधजून मिरवायच्या असतात, त्यांच्या आंघोळीचा थाट तर एखाद्या नवरीला लाजवील. जवळच स्मशान. तिकडून परतणारी माणसे पायरीवर वाकून तोंडावर पाणी मारतात, आणि त्यांच्याच शेजारी एखादे पोर पोहायला शिकत असते. दोघांना एकमेकांची अडचण होत नाही.

याच नदीवर १८९९ सालच्या कार्तिकात एक स्नान झाले आणि त्याचे शिंतोडे साऱ्या महाराष्ट्रावर उडाले. शाहू छत्रपती पहाटे पंचगंगेवर कार्तिकस्नानाला जात असत. बरोबर मुंबईचे राजारामशास्त्री भागवत होते. भटजी जे मंत्र म्हणत आहेत ते वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत, हे शास्त्रीबुवांनी महाराजांच्या ध्यानात आणून दिले. विचारता भटजींनी उत्तर दिले, की शूद्राला पुराणोक्तच मंत्र सांगायचे असतात. आणि त्यासाठी आपण स्नान करण्याचीही जरूर नाही, म्हणून आपण ते केलेले नाही! वेदोक्ताचे प्रकरण आपण सारे इतिहासाच्या पुस्तकात वाचतो ते हक्क, वतने आणि वाद यांच्या भाषेत. मला घाटावर उभे राहिल्यावर त्यातली आंघोळच दिसू लागली. थंडीच्या पहाटे राजा गार पाण्यात बुडी मारतो आहे, आणि त्याला पवित्र करणारा माणूस मात्र कोरडाठक. कोणासाठी आपण अंग धुतो आणि कोणासाठी धुवायची गरज वाटत नाही, यातच माणसाची पायरी ठरत होती.

त्या अपमानातून महाराज पुष्कळ पुढे गेले. १९१९ साली त्यांनी हुकूम काढून सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने या ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास बंदी घातली. राजवाड्याच्या चाकरीतल्या गंगाराम कांबळे यांना मराठ्यांच्या हौदातल्या पाण्याला शिवल्याबद्दल मार बसला, तेव्हा महाराजांनी त्यांना चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः तिथे थांबून चहा घेतला. पाण्याला एका माणसाचा हात लागला की ते मळते आणि दुसऱ्याचा लागला की ते तीर्थ होते, हा हिशेब ज्यांनी मांडला त्यांनी मळ धुतला नव्हता. तो आपल्या अंगावरून काढून दुसऱ्याच्या अंगावर टाकला होता. माझ्या शंकेचे पहिले उत्तर मला मिळाले ते हे.

आता नणंदेच्या घरी चला. वन्संचे घर शिवाजी पेठेत. मूळच्या त्या साताऱ्याच्या, पण तीस वर्षे कोल्हापुरात काढल्यामुळे त्यांची क्रियापदे पुल्लिंगी झाली आहेत. "मी जातो, मी येतो, मी करतो" हे इथल्या बायकांचे बोलणे त्यांच्याही तोंडी बसले आहे. मी पोचले तेव्हा सोप्यात गाठोड्यांचा डोंगर रचला होता. वाकळा, चादरी, सतरंज्या, पडदे, उशांचे अभ्रे, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या आणि वर्षभर कोणी न वापरलेल्या शाली. घरात जेवढे म्हणून कापड होते तेवढे.

"नवरात्राची धुणी," वन्सं म्हणाल्या. "बरं झालं आलात. पिळायला एक हात कमीच पडत होता."

घटस्थापनेच्या आधी घरातला प्रत्येक धागा धुऊन निघाला पाहिजे, हा या भागातला दंडक. पितृपक्ष सरत आला की घाट, तळी, विहिरी, कालवे बायकांनी भरून जातात. रिक्षातून, टेंपोतून, स्कूटरच्या पायाशी गाठोडी कोंबून बायका निघतात. डब्यात भाकरी-पिठले असते. त्याच दिवसांत तिकडे अंबाबाईच्या देवळाचीही साफसफाई चालते, देवीचे दागिने उजळतात. घरची लक्ष्मी आणि करवीरची महालक्ष्मी, दोघीही एकाच कामात गुंतलेल्या.

आम्ही रंकाळ्याच्या बाजूला धुण्याच्या चावीवर गेलो. हे नाव मला फार आवडते. तळ्याचे पाणी चावीने बाहेर घ्यायचे आणि धुणे तळ्याबाहेर धुवायचे, म्हणजे मुख्य पाणी नासत नाही, अशी ही जुनी सोय. ज्याने ही कल्पना काढली त्याला माझ्या शंकेची अक्कल आधीच होती म्हणायची.

तिथला आवाज मी कधी विसरणार नाही. शंभरएक बायका एकाच वेळी कपडे आपटत होत्या. साबणाचा फेस, लहान पोरांची रडारड, कोणाच्या तरी मोबाइलवर लागलेली गाणी, आणि या सगळ्याच्या वरताण बायकांचे बोलणे. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाच्या नवऱ्याची दारू सुटली आणि पुन्हा लागली, कोणाच्या जमिनीचा दावा निकाली निघाला, हे सारे फेसाबरोबर वाहत होते. घरात दारे लावून जे बोलता येत नाही ते इथे मोठ्याने बोलता येते, कारण शेजारणीचे आपटणे ऐकणाऱ्या भिंतींपेक्षा भरवशाचे.

चादर पिळायला दोघी लागतात. दोघींनी दोन टोके धरायची आणि उलटसुलट पीळ देत जायचा. कापड ताठ होते, पाणी निथळते, आणि दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत उभ्या राहतात. दुसरीकडे बघायला जागाच नसते. अशाच एका पिळ्यावर वन्सं म्हणाल्या, "वहिनी, आईच्या चादरी आठवतात का हो?"

सासूबाई शेवटचे सात महिने आमच्याकडे अंथरुणावर होत्या. वन्सं महिना महिना येऊन राहत. त्या दिवसांत रोज चारपाच चादरी निघत. ज्या धुण्याबद्दल कोणी लिहीत नाही आणि कोणी बोलतही नाही, ते हे धुणे. बाळाची बाळुती धुताना निदान कौतुक असते. म्हाताऱ्या माणसाचे अंथरूण धुताना तेही नसते. बायकांच्या महिन्याच्या कपड्यांना तर धुतल्यावर उन्हाचा हक्कसुद्धा नव्हता. ते दुसऱ्या कापडाखाली अंधारात वाळायचे. घराची अब्रू राखणारे अर्धे धुणे असे लपूनच झालेले असते.

"आठवतात की," मी म्हटले.

"तुम्ही एकदाही नाक धरलं नाहीत. मी बघितलंय."

"हात मोकळा कुठं होता, वन्सं?"

आम्ही दोघी हसलो. मग त्या जरा गंभीर झाल्या. "दहाव्याला सगळं घर धुतलं तेव्हा तुम्ही आईची उशी तेवढी धुवायची ठेवलीत. मी विचारलं नाही, पण मला कळलं होतं." त्या उशीला सासूबाईंच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. सुतक फिटावे म्हणून माणसे धुतात. आणि काही गोष्टी न धुता ठेवतात त्याही माणूस पुरा जाऊ नये म्हणूनच. दोन महिने ती तशीच ठेवून मग एके दिवशी मी ती धुतली होती. हे मी वन्संना तिथे, त्या ताठ चादरीच्या दुसऱ्या टोकाशी उभी राहून प्रथमच सांगितले.

वन्संची सून स्कूटरवरून दुसरी खेप घेऊन आली. ती एका दवाखान्यात परिचारिका आहे. दिवसातून तीस-चाळीस वेळा साबणाने हात धुणे हा तिचा नोकरीचा भाग. २०२० सालच्या साथीत सगळे जग जे घाबरून शिकले, ते ती आधीपासून मुकाट्याने करत आली आहे. गाठोडे टाकून ती म्हणाली, "मामी, तुम्हीच सांगा आता आईंना. घरात मशीन आहे. पुढच्या वर्षी मी काही येणार नाही. माझी कंबर दुखते, आणि रजाही मिळत नाही."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. धुण्याच्या दगडावर बायकांच्या किती पिढ्यांच्या कंबरा मोडल्या याची मोजदाद कोणी केलेली नाही. दगडाच्या गोडव्याचे निबंध लिहायला माझ्यासारखीला काय जाते! मी वर्षातून एकदा धुवायला गेलेली. मी सुनेची बाजू घेतली. वन्सं म्हणाल्या, "मशीन धुतं, मी कुठं नाही म्हणतो? पण मशीनच्या दुसऱ्या टोकाला कोण धरतं?"

यावर मला उत्तर सुचले नाही. सुनेने मात्र सासूच्या हातातले टोक काढून घेतले आणि ती स्वतः पिळायला उभी राहिली.

धुण्याने झीजही होते, हे त्याच संध्याकाळी देवळात लक्षात आले. अंबाबाईच्या मूळ मूर्तीवर शतकानुशतके अभिषेक होत आले. दगड तो दगडच. तो झिजू लागला. अखेर मूळ मूर्तीवरचा जलाभिषेक थांबवावा लागला, आणि २०१५ साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी मूर्तीच्या रासायनिक संवर्धनाचे काम केले. भक्तीचे पाणीसुद्धा फार झाले तर देवाला सोसत नाही, मग नदीने किती सोसावे?

घरचे धुणे बाईच्या माथी, तर गावचे धुणे परटाच्या. बारा बलुतेदारांत परीट होता. वर्षभर धुवायचे आणि सुगीला खळ्यावर धान्य न्यायचे. त्याची विद्या थोडीथोडकी नव्हती. कोणत्या कापडाला किती खार, भट्टी किती वेळ, नीळ किती, खळ किती, हे सारे हाताच्या अंदाजाने. शेकडो घरांचे कपडे एकत्र धुतले तरी अदलाबदल होत नसे, कारण प्रत्येकावर बिब्ब्याची न पुसणारी खूण. गावाची सगळी गुपिते, कोणाच्या घरी फाटके आहे, कोणाच्या घरी रक्ताचे आहे, त्याला आधी कळत; आणि त्याने ती कुठे सांगितली असे ऐकिवात नाही. लग्नात पायघड्या घालण्याचा मान त्याचाच. एरवी दुसऱ्यांचे कपडे उचलणाऱ्या माणसाने त्या दिवशी ते पायाखाली अंथरायचे!

या परटाच्याच जातीत २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्माला आले. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना गाडगेमहाराज म्हणून ओळखू लागला. गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे, गाव झाडायचे, आणि रात्री कीर्तनात माणसांच्या डोक्यातला कचरा झाडायचे. स्वतःच्या अंगावर मात्र चिंध्यांचे कपडे. ज्याच्या जातीने पिढ्यान्‌पिढ्या गावाचा मळ आपल्या डोक्यावरून वाहून नेला, त्याने गावाला सांगितले, की तुमचा मळ तुम्ही काढा. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले. त्यांच्या फोटोला हार घालून आपण खराटा मात्र दुसऱ्याच्याच हातात ठेवला.

कोल्हापूरहून नदीच्या सोबतीने खाली निघाले की इचलकरंजी लागते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला आणि गावाचे नशीब पालटले. आता गल्लीबोळांतून मागांचा खडखडाट चालू असतो. एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीने मी तिथल्या एका 'प्रोसेस'मध्ये गेले. कोऱ्या कापडाला इतके धुवावे लागते हे मला ठाऊक नव्हते. ताण्याचे सूत मागावर तुटू नये म्हणून आधी त्याला खळ लावतात. त्याला सायझिंग म्हणतात. कापड विणून झाले की तीच खळ काढण्यासाठी पहिले धुणे. मग कॉस्टिक सोड्यात उकळून कापसाचा मेणचटपणा काढायचा, दुसरे धुणे. मग शुभ्र करायचे, तिसरे. रंग दिला की सुटा रंग निघून जावा म्हणून आणखी धुणी. आपण दुकानात ज्याला 'कोरे' म्हणतो, ते कापड आपल्यापेक्षा जास्त आंघोळी करून आलेले असते!

"आणि हे पाणी?" मी विचारले.

विद्यार्थ्याने प्रक्रिया केंद्राच्या दिशेने हात केला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हळूच म्हणाला, "जेवढं तिथवर पोचतं तेवढं, मॅडम."

एकट्या कारखान्यांना दोष देऊन भागणार नाही. वर कोल्हापूरचा जयंती नाला शहराचे सांडपाणी घेऊन नदीला मिळतो. त्यात वन्संच्या मशीनचा फेस आहे, आणि तिथे मुक्काम केलेल्या माझ्या आंघोळीचाही. साबणाच्या पुडीतले क्षार जलपर्णीला मानवतात. उन्हाळ्यात नदीवर तिची हिरवी वाकळ पसरते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि त्यात माणसे दगावली. पंचगंगा उशाशी असून या गावाला पिण्यासाठी कृष्णेचे पाणी नळाने आणावे लागते. आणखी खाली तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या तर उन्हाळ्यातल्या नेहमीच्याच. तिकडच्या गावांत नदीवर धुणे न्यायचे म्हटले तर बायका म्हणतात, अंगाला खाज सुटते. जिच्यात सारे धुतात तिच्यात आता धुण्याची सोय उरलेली नाही.

शेवटचा मुक्काम नृसिंहवाडी. गुरुवार होता, दर्शनाला रांग होती. नृसिंहसरस्वतींचा बारा वर्षे वास झालेले हे स्थान. इथे पूजा होते ती पादुकांची. पावसाळ्यात नदी चढू लागली की पाणी थेट गाभाऱ्यात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या दाराशी, त्या पाण्यात स्नान घडावे म्हणून माणसे रात्री-अपरात्री धावत येतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. बाकी सर्व ठिकाणी माणसे पाणी घेऊन देवाचे पाय धुवायला जातात; इथे नदीच उठून देवाचे पाय धुवायला येते.

पण कोणते पाणी? चिखलीच्या आजोबांनी ज्यात बुडी मारली ते, ज्यात म्हशी न्हाल्या ते, चादरींचे, अभ्र्यांचे, रंगाचे, खळीचे, नाल्याचे. सगळे तेच. प्रत्येकाने आपापला मळ 'गेला एकदाचा' म्हणून सोडून दिला, आणि तो सारा मिळून इथवर, देवाच्या पायांपाशी आला. मळ जातो कुठे या शंकेचे उत्तर मला संगमावर उभे राहून मिळाले. तो खालच्या गावाला जातो. आणि खालचे गाव कोणालाच चुकलेले नाही. इथून पुढे कृष्णा कर्नाटकात शिरते, तिथेही नदीकाठी गावे आहेत, घाट आहेत, आणि गाठोडी घेऊन येणाऱ्या बायका आहेत. आपण ज्याला खालचे गाव म्हणतो ते स्वतःला खालचे समजत नाही. ते आपले सकाळी उठून हंडा घेऊन नदीवर येते.

दर्शन झाल्यावर मी नावेतून पलीकडे जाऊन आले. नावाडी सत्तरीचा, या दोन नद्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेला. कृष्णेचे पाणी कोणते आणि पंचगंगेचे कोणते, हे तो वल्ह्याच्या वजनावरून सांगतो म्हणाला. मी विचारले, "बाबा, दक्षिणद्वाराला पाणी चढतं ते कोणत्या नदीचं?"

"देवाला चालतंय दोन्हींचं," तो म्हणाला. "विचारायचं ते मानसानं."

नाव काठाला लागली. मला उतरवून त्याने दोर बांधला, पायरीवर बसून हातपाय धुतले, आणि देवळाच्या कळसाकडे तोंड करून पंचगंगेचे ओंजळभर पाणी घेतले. ते त्याने डोळ्यांना लावले, कपाळाला लावले. मग क्षणभर थांबून, चूळ न भरता, ते हळूच परत नदीत सोडून दिले.